तिसऱ्या पाळीची तारीख चुकते कुठे? पायथनमध्ये टाइमस्टॅम्प बदलताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या हजेरी यंत्राची फाइल उघडा. तारखेच्या रकान्यात १७०००००००० असला आकडा दिसेल. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, उलटलेले हे सेकंद आहेत. हाच टाइमस्टॅम्प. यूटीसीत हाच क्षण १४ नोव्हेंबर २०२३, रात्री २२:१३:२० असा येतो आणि आपल्याकडे १५ नोव्हेंबर, पहाटे ०३:४३:२०. साडेपाच तास विसरलात की भाऊबीजेची हजेरी पाडव्याला लागलीच.

(पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.)

आधी आकडे मोजा. १० आकडी असेल तर सेकंद, १३ आकडी असेल तर मिलिसेकंद. मिलिसेकंद असतील तर आधी १००० ने भागा. न भागता दिलंत तर साल पाच आकडी होतं, आणि पायथनची धाव ९९९९ पर्यंतच, म्हणून एरर येते. १३ आकडी रकान्याची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह मात्र करू नका. एक्सेल तो आकडा घातांकात दाखवतं आणि सेव्ह करताना शेवटचे आकडे गळतात.

आता मुख्य पायरी. डेटटाइम.फ्रॉमटाइमस्टॅम्प ला नुसते सेकंद दिले, तर ते ज्या मशीनवर चालतंय तिथली वेळ धरतं. सोलापुरातल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उत्तर बरोबर येतं, तीच स्क्रिप्ट क्लाउड सर्व्हरवर टाकली की साडेपाच तास मागे, कारण सर्व्हर सहसा यूटीसीवर असतो. म्हणून सेकंदांसोबत दुसरा आर्ग्युमेंट टीझेड (टाइमझोन) नेहमी द्या: झोनइन्फो या मॉड्यूलमधला झोन, नाव ‘एशिया/कोलकाता’. यादीत सोलापूर किंवा मुंबई शोधत बसू नका, अख्ख्या देशाला हेच नाव. झोनइन्फो पायथन ३.९ पासून सोबतच येतं. विंडोजवर मात्र पिप या इन्स्टॉलरने टीझेडडेटा (झोनची माहिती) वेगळं टाकावं लागतं.

जुन्या स्क्रिप्टमध्ये झोनइन्फोऐवजी पायटीझेड ही लायब्ररी असेल तर सांभाळा. त्याचा झोन रिप्लेस मधून लावला, तर ५:३० ऐवजी ५:५३ चा फरक लागतो, कारण ते कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ उचलतं. तिथे लोकलाइझ वापरायचं. वेळ नेमकी २३ मिनिटांनी चुकत असेल तर दुसरीकडे शोधूच नका.

यंत्र आकड्याऐवजी ‘१५-११-२०२३ ०३:४३:२०’ असा मजकूर देत असेल, तर स्ट्रपटाइम ने वाचा. वेळ आधीच भारतीय आहे, तेव्हा रिप्लेस ने झोनइन्फोच्या झोनचं लेबल चिकटवा. अॅज-टाइमझोन इथे नको, ते वेळ एका झोनमधून दुसऱ्यात बदलतं. लेबल नसेल तर मशीनचाच झोन गृहीत धरतं. फॉरमॅटमध्ये टक्क्यानंतर स्मॉल एम म्हणजे महिना, कॅपिटल एम म्हणजे मिनिट. हे उलटसुलट झालं तर छापताना एररसुद्धा येत नाही, महिन्याच्या जागी ४३ छापून मोकळं. एएम-पीएम असलेल्या वेळेला कॅपिटल आय लावा. कॅपिटल एच लावलंत तर पीएमकडे दुर्लक्ष होतं आणि दुपारचे ३ पहाटेचे ३ होतात.

तिसरी पाळी रात्री ११ ते सकाळी ७ धरू. पहाटे ३:४३ चा पंच (हजेरीची नोंद) आदल्या दिवसाच्या पाळीत जायला हवा, म्हणून भारतीय वेळेतून टाइमडेल्टा ने ७ तास वजा करा आणि मगच तारीख काढा. झोन विसरून थेट यूटीसीची तारीख घेतली तरी पहाटे साडेपाचपर्यंतचे पंच योगायोगाने आदल्याच दिवशी पडतात. घोळ फक्त साडेपाच ते सातमधल्या पंचांचा होतो, त्यामुळे तो महिनोन्‌महिने सापडत नाही. तपासणीसाठी मुद्दाम ६:१५ चा पंच घ्या.

रिपोर्टवर मराठी महिने हवेत तर लोकेलच्या (भाषेच्या सेटिंगच्या) भानगडीत पडू नका, सर्व्हरवर मराठी लोकेल असेलच असं नाही. १२ नावांची यादी करा आणि महिन्यातून १ वजा करून नाव उचला. देवनागरी अंकांसाठी मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट पुरे. फाइलच्या नावात मात्र इंग्रजी अंकच ठेवा, साल-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे फाइल आपोआप ओळीने लागतात. वेळेतला विसर्गासारखा कोलन तिथे घालू नका, विंडोज तो घेत नाही.