वर्णपटातून गावाचा उजेड काढायला बसण्याआधी

बॅटरी, कार्ड, दवासाठी हीटर. हे सांगायला नको. काळोखासाठी जांबोटीकडे जायचं तर पावसाआधी जा, जूननंतर तिकडे तारे नसतात, जळवा असतात.

वर्णपटमापकावर, म्हणजे ताऱ्याचा उजेड रंगांत पसरवणाऱ्या यंत्रावर, कॅमेरा एकदा बसवला की त्याला हात लावू नका. मी लावला. बेळगावात, अनगोळातल्या गच्चीवर, मे महिन्यात. सेन्सरवर धूळ दिसली म्हणून कॅमेरा काढला, फुंकर मारली, अंदाजाने परत आवळला. दोनेक अंश तिरका बसला. दुर्बीण टी कोरोना बोरिॲलिसवर होती, 1866 आणि 1946 ला भडकलेला तारा. मी बघत होतो तेव्हा दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका फिकट होता, आणि पुन्हा कधी भडकतो म्हणून सगळेच टपलेले. रात्री अडीचला पडद्यावर 589 नॅनोमीटरपाशी निळ्या बाजूला खळगा, तांबड्या बाजूला उंचवटा. बाहेर फेकला जाणारा वायू असाच दिसतो! निपाणीच्या मित्राला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "546 ला पारा बघितलास काय रे?" तिथेही, म्हणजे गावातल्या पाऱ्याच्या दिव्यांच्या रेषेवरही, तोच खळगा, तोच उंचवटा. तारा जागच्या जागी होता. मला दिसले ते रस्त्यावरचे सोडियमचे दिवे.

तर आकाश वजा करण्याआधी रेषा उभ्या करा. वर्णपटमापकाच्या फटीतून येणाऱ्या आकाशाच्या रेषा फ्रेमवर वरपासून खालपर्यंत जातात, तारा मधली बारीक आडवी पट्टी. पट्टीच्या वरखाली आकाश मोजून ते ताऱ्यातून काढायचं असतं. रेषा 2 अंश कललेली असली तर 40 पिक्सेल अंतरावर ती जवळपास दीड पिक्सेल सरकलेली असते. सरकलेलं वजा केलं की एकीकडे जास्त कापलं जातं, दुसरीकडे शिल्लक राहतं. मी तर एकाच बाजूचं आकाश घेतलं होतं, म्हणजे दुहेरी गाढवपणा. आयसिसमध्ये, म्हणजे वर्णपट साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'स्लँट'चा, म्हणजे रेषांच्या तिरकेपणाचा आकडा भरता येतो, रेषा वाकलेल्या असतील तर 'स्माइल'चाही. निऑनच्या दिव्याच्या फ्रेमवरून मोजा. कालचा आकडा आज वापरू नका. कॅमेऱ्याला धक्का लागला? पुन्हा मोजा.

डार्क, बायस, फ्लॅट (कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढायच्या फ्रेम) त्याच्याही आधी. आकाशाच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना, आणि त्यांत एखादा फिकट शेजारी तारा घुसलेला नाही ना बघा. सरासरी नको, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या. रेषा उभ्या केल्यात ना? नसतील तर पुढे वाचू नका.

एलईडीने नवी पंचाईत केली आहे. त्याला टोकदार रेषाच नाहीत: 450 च्या आसपास निळा उंचवटा, पुढे पिवळ्या-नारिंगीत लांबट फुगवटा. रेषा तिरक्या राहिल्या तरी त्यात काही कळत नाही, म्हणून वजाबाकी तपासायला सोडियम आणि पाराच बघायचा. 557.7 ला हिरवी रेषा दिसली तर नगरपालिकेला शिव्या देऊ नका, ती वरच्या हवेतल्या ऑक्सिजनची आहे. आणि वजाबाकीने उजेड जातो, त्याचा नॉइज जात नाही. फिकट ताऱ्याला फ्रेम जास्त घ्या, दुसरा इलाज नाही.

मग तरंगलांबी, उपकरणाचा प्रतिसाद, नेहमीचंच. फाइलीवर वेळ यूटीत, म्हणजे जागतिक वेळेत. आणि 546 बघितल्याशिवाय रात्री कुणाला फोन करू नका.