मोठी किंवा बदल केलेली गाडी टो करताना होणाऱ्या या चुका टाळा

रोडसाइड असिस्टन्सची, म्हणजे रस्त्यात अडकलेल्या गाडीला मदत करण्याची, सेवा गाडीच्या मॉडेलवर विकली जाते, परंतु टो करायला येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती गाडीची लांबी, उंची, वजन आणि तिची किती चाके मोकळी फिरतात ही बाब. कारखान्यातून आली तशीच राहिलेली हॅचबॅक असेल तर या दोहोंत अंतर पडत नाही. सस्पेन्शन उंच केलेली थार, छतावर तंबू बसवलेली पिकअप, कॅम्पर म्हणून, म्हणजे आत राहण्याची सोय करून, सजवलेली ट्रॅव्हलर मिनीबस किंवा स्प्रिंग कापून खाली बसवलेली सेडान असेल तर मात्र ते पडते, आणि बहुतेक मालकांना ते घाटात, आलेला फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा सपाट फळीचा ट्रक) रिकामाच परत निघतो तेव्हा कळते.

पहिली चूक: विमा आहे म्हणजे टोइंग आहे, असे गृहीत धरणे

मोटार पॅकेज पॉलिसीच्या (स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या विम्याच्या) मानक मजकुरात अपघातग्रस्त गाडी सांभाळून जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा आणि परत पोहोचवण्याचा वाजवी खर्च देण्याची तरतूद असते, परंतु खासगी मोटारीसाठी तिची कमाल मर्यादा एका अपघातामागे १,५०० रुपये आणि ट्रक-बससारख्या व्यावसायिक वाहनासाठी २,५०० रुपये इतकीच आहे. शिवाय ही तरतूद अपघातापुरती आहे. क्लच जळाला, गिअरबॉक्स अडकला किंवा बॅटरी बसली, तर ती लागू होत नाही. दरीच्या कडेला कललेली दोन टनांची गाडी हायड्रा क्रेन लावून वर काढण्याचा खर्च एवढ्या रकमेत भागत नाही, हे वेगळे सांगायला नको.

बिघाडासाठी उपयोगी पडते ते स्वतंत्र रोडसाइड असिस्टन्स कव्हर. ते विम्यासोबत ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेले पूरक कव्हर) म्हणून घेतलेले असेल, गाडीच्या कंपनीने दिलेले असेल किंवा एखाद्या सेवा कंपनीकडून विकत घेतलेले असेल, तरी तिन्हींच्या अटी वेगळ्या असतात. किती किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत आहे, ते अंतर बिघाडाच्या जागेपासून मोजतात की टोइंगची गाडी निघते तिथून, टोल कोणी भरायचा आणि पिवळ्या नंबरप्लेटची गाडी चालते का, या चार प्रश्नांची उत्तरे करार घेतानाच शोधून ठेवावीत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते आणि क्रेनही येते, परंतु त्या क्रेनचे काम रस्ता मोकळा करून गाडी सुरक्षित जागी नेणे एवढेच असते. तिथून तुमच्या गॅरेजपर्यंतची सोय तुम्हालाच पाहावी लागते.

दुसरी चूक: लायसन्सवरची ‘हलकी’ गाडी आणि करारातली ‘हलकी’ गाडी एकच समजणे

मोटार वाहन कायद्यानुसार ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलके मोटार वाहन ठरते. त्यामुळे मोठी ट्रॅव्हलर चालवणाऱ्याला आपली गाडीही त्याच कव्हरमध्ये बसते असे प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात खासगी मोटारींसाठी असलेल्या करारांतली वजनाची मर्यादा याच्या कितीतरी खाली असू शकते, आणि कधी मर्यादा वजनाची नसून वाहनाच्या प्रकाराची किंवा आसनसंख्येची असते. लांबीचा प्रश्न आणखी वेगळा. ट्रॅव्हलरच्या सर्वांत लांब प्रकाराचा व्हीलबेसच, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच, ४,०२० मिलिमीटर आहे. पुढचा-मागचा भाग धरला तर मोटारींसाठीच्या फ्लॅटबेडवर ती बसत नाही, मग कागदावर काहीही लिहिलेले असो.

वजनाबाबत आरसी बुकातला आकडा सांगून मोकळे होणे हीसुद्धा चूकच आहे. लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढून काढायचे दोरखंडाचे यंत्र), छतावरचा रॅक, तंबू, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी आणि जादा डिझेलचे कॅन मिळून दीड-दोनशे किलो सहज वाढतात, आणि त्यावर प्रवासाचे सामान असते. मंजूर क्षमतेपेक्षा जास्त भार असलेल्या गाडीला सेवा नाकारण्याची मुभा अनेक करार कंपनीला देतात. माझ्या मते अशा गाडीच्या मालकाने पूर्ण सामान भरून एकदा वजनकाट्यावर जाऊन यावे. पावती मिळते आणि शंका मिटते.

तिसरी चूक: बदल लपवणे

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की आरसीतील नोंदी आणि निर्मात्याने ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मंजूर सीएनजी किट बसवून आरटीओकडे नोंद केली आणि विमा कंपनीकडून पॉलिसीवर एंडॉर्समेंट (बदलाची लेखी नोंद) घेतले, तर बदल कागदावर येतो. नोंद न केलेले किट मात्र टोइंगपेक्षा पुढे, अपघाताच्या दाव्यात अधिक महागात पडते. पुढे बसवलेले बुल बार (बंपरपुढचे लोखंडी संरक्षक दांडे) हे वेगळेच प्रकरण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. कायदा बाजूला ठेवला तरी अनेक बुल बार मूळ टो हुकाची जागा झाकतात, आणि मग हुक कुठे लावायचा यावर रस्त्यावर खल सुरू होतो.

बाजूला जादा चाके बसवलेली दिव्यांगांची स्कूटर हा या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित प्रकार आहे. आरसीवर तिची रीतसर नोंद असते, मालकाची काहीच चूक नसते, आणि तरीही दुचाकी नेणाऱ्या गाडीच्या अरुंद पन्हळीत ती मावत नाही. तिच्यासाठी फोनवरच फ्लॅटबेड मागावा.

चौथी चूक: येईल त्या पद्धतीने गाडी ओढू देणे

दोन चाके उचलून दोन चाके रस्त्यावर ठेवण्याची पद्धत स्वस्त आणि जलद असली, तरी ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या) गाडीच्या सेंटर कपलिंगला किंवा ट्रान्स्फर केसला, म्हणजे ही शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागांना, ती घातक ठरू शकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप सामान्यतः इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना इंजिनाला जोडलेली चाके फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना झिजतात. इलेक्ट्रिक गाडीची चाके फिरली की मोटार वीज निर्माण करू लागते, म्हणून त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये फ्लॅटबेडचाच आग्रह असतो. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाकता येणाऱ्या फोर-बाय-फोर गाडीतही आधी मॅन्युअल पाहावे आणि मगच ओढू द्यावे.

खाली बसवलेल्या गाडीसाठी रॅम्पचा चढ सौम्य करायला फळ्या लागतात. त्या नसतील तर पुढचा बंपर आणि साइड स्कर्ट जाग्यावर फुटतात, आणि ते नुकसान कोणी भरायचे हा वाद आधीच ठरलेला असतो. उंच गाडीचा त्रास उलटा: जमिनीवर तिची उंची सव्वादोन मीटर असली, तरी फ्लॅटबेडच्या साधारण एक मीटर उंच फळीवर चढल्यावर ती सव्वातीन मीटरच्या घरात जाते, आणि रेल्वेखालचे भुयारी मार्ग किंवा उंचीरोधक कमानी अडथळा ठरतात. तंबू आणि रॅकवरचे सामान उतरवून ठेवणे यावर सोपा उपाय आहे. मोठ्या टायरांना नेहमीचे पट्टे पुरत नाहीत, हेही आधी सांगावे.

पाचवी चूक: रुतलेली गाडी आणि बंद पडलेली गाडी एकच मानणे

कोकणच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवसांत वाळूत रुतलेल्या एसयूव्ही हे नेहमीचे दृश्य झाले आहे, आणि भरती चढू लागली की मालक असिस्टन्सचा नंबर फिरवतात. बहुतेक करार वाहतुकीयोग्य रस्त्यावरच्या गाडीपुरते असतात. वाळू, चिखल, नदीपात्र किंवा शेत यांतून गाडी बाहेर काढणे हे टोइंगमध्ये मोजले जात नाही. तिथे गावातला ट्रॅक्टरच कामी येतो, आणि त्याचे पैसे परत मागण्याची सोय नसते. अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास मनाई असल्यामुळे गुन्हा दाखल होण्याची शक्यताही असते.

फोन करताना आणि नंतर

फोनवर ‘गाडी बंद पडली’ एवढेच सांगू नये. मॉडेलसोबत अंदाजे वजन, एकूण उंची, टायरचा आकार, जमिनीपासूनचे अंतर, ड्राइव्हचा प्रकार, हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे का आणि गाडी न्यूट्रलमध्ये येते का, हे सांगून फ्लॅटबेडच हवा असे स्पष्ट नोंदवून घ्यावे आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढावेत. कॅम्परमध्ये गॅसची टाकी असेल तर व्हॉल्व्ह बंद करून तसे सांगावे.

कंपनीने योग्य गाडी पाठवण्यास असमर्थता दाखवली, तर तसे एसएमएस किंवा ईमेलवर लेखी मागावे, आणि स्वतःची क्रेन बोलावण्याआधी खर्चाची मंजुरी घ्यावी. मंजुरीविना आणि जीएसटी बिलाविना भरपाईचा दावा टिकणे कठीण असते. कव्हर विम्याचा भाग असेल तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि नंतर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. सेवा वाहन निर्मात्याची किंवा खासगी सेवा कंपनीची असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी, आणि तिथे तो तक्रार क्रमांक, फोटो व वजनकाट्याची पावती सोबत जोडावी.