डेबियन इन्स्टॉल करतानाच अपडेट कसे उरकावेत

डेबियन या लिनक्स सिस्टिमची इन्स्टॉल डिस्क तयार झाली त्या दिवशीचीच पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) तिच्यात असतात. म्हणून इन्स्टॉलर विचारतो त्या ‘नेटवर्क मिरर (नवी पॅकेजेस देणारा इंटरनेटवरचा सर्व्हर) वापरायचा का?’ या प्रश्नाला इंटरनेट असेल तर बिनधास्त ‘हो’ म्हणा. मग इन्स्टॉलर मूळ सिस्टिम टाकून झाल्यावर स्वतःच सेफ-अपग्रेड करतो: नवी आवृत्ती घेतो, पण बसलेलं पॅकेज काढत नाही. प्रीसीड फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) ‘पीकेजीसेल/अपग्रेड’ला नन (म्हणजे अपग्रेड नको), सेफ-अपग्रेड किंवा फुल-अपग्रेड देता येतं. फुल-अपग्रेड गरज पडल्यास पॅकेजेस काढतोही, तेव्हा ते उगाच लावू नका. नन दिलंत, तर पहिल्या बूटनंतर अपडेट आठवणीने हाताने करा.

मिररपाशी अडलं तर आल्ट आणि एफ४ (ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये सोबत कंट्रोलही) दाबून लॉग, म्हणजे इन्स्टॉलरच्या नोंदी, बघा. ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं दिसलं, तर दोष नेटचा नाही, मशीनचं घड्याळ चुकलंय. मदरबोर्डचा सेल संपलेल्या जुन्या मशीनवर हे हमखास होतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तारीख दुरुस्त करून पुन्हा सुरुवात करा.

नेटशिवाय इन्स्टॉल केलंत, तर नंतर पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमधल्या सीडीरॉमच्या ओळीच्या सुरुवातीला # टाका (म्हणजे ती ओळ बंद होईल), मिरर आणि सिक्युरिटीच्या ओळी भरा आणि मगच अपडेट चालवा. नाहीतर सिस्टिम दर वेळी डिस्क मागत बसेल.