बुडालेल्या जहाजांवर सँड टायगर शार्कसोबत डाइव्ह करताना

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यासमोरील समुद्राला ‘अटलांटिकचे स्मशान’ म्हणतात. १९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत जर्मन पाणबुड्यांनी या भागात अनेक मालवाहू जहाजे आणि तेलवाहू जहाजे बुडवली. त्यांच्या सांगाड्यांभोवती आज लहान माशांचे दाट थवे जमतात आणि त्या थव्यांमधून दोन ते तीन मीटर लांबीचे सँड टायगर शार्क संथपणे फिरत असतात. बहुतेक बोटी मोअरहेड सिटी आणि आसपासच्या बंदरांतून निघतात. राज्याची राजधानी रॅली हिच्या परिसरातून तिथे गाडीने सुमारे तीन तासांत पोहोचता येत असल्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना हा समुद्र जवळचा आहे. उन्हाळा आणि शरदाचा आरंभ हा सर्वांत चांगला काळ होय.

प्रथम पात्रतेविषयी. तारकर्ली किंवा मालवणला प्रशिक्षकाने हात धरून घडवलेला वीस मिनिटांचा अनुभव सुंदर असतो, परंतु तो म्हणजे प्रमाणपत्र नव्हे आणि त्याच्या भरवशावर येथे येऊ नये. ही जहाजे साधारण २७ ते ३५ मीटर खोलीवर आहेत, तर ओपन वॉटर प्रमाणपत्राची शिफारस केलेली मर्यादा १८ मीटर असते. त्यामुळे ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (प्राणवायूचे प्रमाण वाढवलेली हवा) हे दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण करावेत. माझ्या मते त्यानंतरही खुल्या समुद्रातील किमान वीस-पंचवीस डाइव्ह गाठीशी असल्याशिवाय शार्ककडे शांतपणे पाहण्याइतके मन मोकळे होत नाही.

या डाइव्हमधील खरा धोका शार्कचा नसून खोलीवर भराभर संपणाऱ्या हवेचा आहे, आणि तो आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरणाऱ्या माणसाला ३० मीटरवर चौपट दाबामुळे ८० लिटर लागते. अमेरिकेत सर्रास मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटरचा असतो आणि २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाला त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. जोडीदाराची हवा अचानक बंद पडली, तर दोघांना एकाच सिलिंडरवर वर यावे लागेल. त्यासाठी तळाशी सावरण्याची दोन मिनिटे, मिनिटाला ९ मीटर या वेगाने चढण आणि ५ मीटरवरील तीन मिनिटांचा थांबा असा हिशेब केला, तर सुमारे ८५० लिटर, म्हणजे जवळजवळ ८० बार राखून ठेवावे लागतात. उरलेल्या हवेत सोळा मिनिटे मिळतात आणि त्यांतच खाली उतरणेही आले. म्हणून १२० बारला नांगराच्या दोराकडे वळावे आणि ८० बारला तळ सोडावा, समोर कितीही शार्क असले तरी. मोठा सिलिंडर मिळत असल्यास तोच घ्यावा.

३२ टक्के नायट्रॉक्समुळे ३० मीटरवरचा विनाडीकम्प्रेशन वेळ, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येणारा वेळ, हवेच्या तुलनेत बराच वाढतो. मात्र १.४ बार ही प्राणवायूच्या आंशिक दाबाची (मिश्रणाच्या दाबातील त्याच्या वाट्याची) सुरक्षित मर्यादा मानली, तर हे मिश्रण सुमारे ३४ मीटरपर्यंतच वापरता येते. यू-३५२ ही जर्मन पाणबुडी सुमारे ३५ मीटरवर आहे, तेव्हा तिच्यासाठी ३० टक्क्यांचे मिश्रण मागावे. प्रत्येक सिलिंडरमधील प्राणवायूचे प्रमाण विश्लेषक यंत्राने स्वतः मोजून पाहावे.

बोट सांगाड्यावर नांगर टाकते आणि सर्वांनी त्याच दोराने उतरायचे व त्याच दोराने परतायचे असते. प्रवाह जोराचा असेल तर पृष्ठभागावर पोहत दोरापर्यंत जाणे दमवून टाकते. म्हणून बोटीच्या मागील बाजूस वजन लावून सोडलेला दोर सुमारे पाच मीटर खोलीवरून नांगराच्या दोराला जोडलेला असतो. त्याला तेथील लोक ‘कॅरोलिना रिग’ म्हणतात. तो धरून पुढे सरकावे आणि परतताना तिथेच थांबा घ्यावा. दोर सापडला नाही, तर शोधत हवा घालवू नये. पृष्ठभागावर खूण दाखवणारा फुगा सोडून वर यावे, म्हणजे बोट येऊन उचलून घेते.

आता खालचा प्रसंग. सँड टायगरचे दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतात, म्हणून तो उग्र वाटतो. (टायगर शार्क ही निराळी जात आहे.) प्रत्यक्षात तो मुख्यतः मासे खाणारा, सौम्य स्वभावाचा प्राणी आहे. तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि पोटात साठवतो, त्यामुळे पाण्यात जवळजवळ निश्चल तरंगू शकतो. हीच निश्चलता आपणही साधावी. सांगाड्याच्या कडेशी, वाळू न ढवळता, तरंगण्याचा तोल सांभाळून थांबावे. माशांचा थवा पडद्यासारखा उघडतो आणि शार्क आपणहून दोन हातांवरून निघून जातो. माझ्या पहिल्या डाइव्हमध्ये मी कॅमेरा घेऊन एका शार्कच्या मागे लागलो होतो. त्याने शेपटीचा चाबकासारखा आवाज काढला आणि क्षणात दिसेनासा झाला, आणि माझी हवा मात्र जोडीदारापेक्षा कितीतरी आधी संपत आली. तो आवाज म्हणजे दचकल्याची खूण असते. तो ऐकू आल्यास मागे सरावे. शार्कचा रस्ता अडवू नये, त्याला हात लावू नये आणि भाल्याने मासेमारी करणाऱ्यांपासून दूर राहावे, कारण जखमी माशाच्या धडपडीने शार्क चाळवतात.

सुरुवात कॅरिबसीपासून करावी. मँगनीजचे खनिज घेऊन निघालेले हे जहाज ११ मार्च १९४२ रोजी बुडवले गेले आणि ते सुमारे २७ मीटरवर आहे. त्यानंतर २००४ मध्ये कृत्रिम प्रवाळभित्तीसाठी मुद्दाम बुडवलेले तटरक्षक दलाचे स्पार हे जहाज पाहावे. यू-३५२ शेवटी ठेवावी. ९ मे १९४२ रोजी तटरक्षक दलाच्या इकॅरस या जहाजाने ती बुडवली आणि तिच्यात नाविकांचे मृतदेह राहिले. ती युद्धसमाधी आहे, म्हणून आत शिरू नये आणि तिथली एकही वस्तू उचलू नये.

आपल्याकडे मोरी, म्हणजे लहान शार्क, ही ताटात ओळखीची असते. सँड टायगर मात्र अमेरिकेच्या संघीय जलक्षेत्रात १९९७ पासून संरक्षित आहे. मादीला एका वेळी फक्त दोन पिल्ले होतात, कारण तिच्या दोन गर्भाशयांपैकी प्रत्येकात सर्वांत मोठे झालेले एक पिल्लू आपल्या भावंडांना खाते, त्यामुळे घटलेली संख्या भरून निघायला फार काळ लागतो. प्रत्येक शार्कच्या अंगावरील तपकिरी ठिपक्यांची रचना वेगळी असते. ‘स्पॉट अ शार्क यूएसए’ हा उपक्रम डायव्हरांच्या छायाचित्रांवरून एकेक शार्क ओळखतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच छायाचित्रांवरून सहा माद्या त्याच जहाजांवर पुन्हा परतल्याचे दिसून आले. तुमचेही छायाचित्र पाठवायचे असेल, तर शार्क एका बाजूने, कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत पूर्ण दिसेल असे टिपावे, आणि जहाजाचे नाव व तारीख बोटीवर परतताच लिहून ठेवावी.