१/७२ हेलिकॉप्टरचे बारीक पार्ट हाताने कसे बनवायचे

प्लॅस्टिक मॉडेलच्या किटमधलं रोटर हेड, म्हणजे वर जिथे पाती जोडलेली असतात तो भाग, बघितलं की बऱ्याच जणांचा मूड जातो. बाकी मॉडेल छान असतं, पॅनल लाइन्स मस्त असतात, आणि वर मात्र प्लॅस्टिकचा एक जाड गोळा, त्याला दोन कान. आणि हेलिकॉप्टरमध्ये तर नजर आधी तिथेच जाते, कारण सगळी यंत्रणा उघडी असते, विमानासारखी कव्हरखाली लपलेली नसते. त्यामुळे हा एक भाग जरी स्वतः बनवलात तरी अख्ख्या मॉडेलचं रूप पालटतं. खाली हुई म्हणजे अमेरिकी सैन्याची यूएच-१एच धरून सांगतोय, कारण मी तिच्यावर सगळ्यात जास्त काम केलंय आणि तिचे फोटो आणि मापं सहज मिळतात, पण पद्धत कुठल्याही हेलिकॉप्टरला चालेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. छोटा पार्ट छोटा करून मग त्याच्यावर काम करायचं नाही. भोकं पाडणं, घासणं, कड गोल करणं, चिकटवणं हे सगळं तो मोठ्या शीटला किंवा लांब सळीला जोडलेला असतानाच उरकायचं आणि शेवटी कापून सुटा करायचा. दोन मिलीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून त्याला भोक पाडायला गेलात तर तो एकतर उडतो नाहीतर चेपतो, मी सुरुवातीचे कित्येक महिने हेच करत होतो आणि वाटायचं की आपला हातच स्थिर नाही. हात ठीक होता, क्रम चुकत होता.

आता मापं. १/७२ मध्ये खऱ्या मिलीमीटरला ७२ ने भागायचं, बस. हुईचा मुख्य रोटर १४.६३ मीटर, म्हणजे मॉडेलवर २०३ मिमी. पात्याची रुंदी ५३३ मिमी, म्हणजे ७.४ मिमी. टेल रोटर २.५९ मीटर, म्हणजे ३६ मिमी. २५ मिमी जाडीचा पाइप असेल तर ०.३५ मिमीची तार लागेल. उलटा हिशोबही करत जा, तो जास्त डोळे उघडतो. किटमधल्या पात्याची मागची कड ०.४ मिमी जाड असेल तर खऱ्यात ती जवळजवळ २९ मिमी झाली, आणि खरी कड तर धारदार दिसते. सीटचं कापड म्हणून ०.५ मिमीची शीट लावली तर ते ३६ मिमी जाडीचं कापड झालं. मॉडेल खेळण्यासारखं का दिसतं याचं उत्तर बहुतेक वेळा या जाडीतच असतं, डिटेल कमी असण्यात नाही.

ज्या पार्टचं माप कुठेच मिळत नाही त्याचं फोटोवरून काढायचं. माहीत असलेली एक वस्तू आणि हवी असलेली वस्तू एकाच फोटोत, कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच अंतरावर आणि दोन्ही सरळ समोरून दिसणाऱ्या हव्यात. समजा फोटोत पात्याची रुंदी १२० पिक्सेल आली आणि पिच लिंक (पात्याचा कोन बदलणारी बारीक सळी) ९० पिक्सेल, तर लिंक ५३३ च्या पाऊणपट, म्हणजे साधारण ४०० मिमी, म्हणजे मॉडेलवर ५.६ मिमी. पातं जरा तिरकं दिसत असेल तर सगळा हिशोब बोंबलतो, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या फोटोंतून काढून जुळतंय का बघा. आणि फोटो त्याच व्हर्जनचे, त्याच काळातले घ्या. उदाहरणार्थ केबल कापायचे जे दाते छतावर आणि नाकाखाली दिसतात ते नंतरच्या काळात आले, साठच्या दशकातल्या हुईवर ते लावू नका.

सामान फार लागत नाही. स्टायरीन (किट ज्याचं असतं ते प्लॅस्टिक) शीट ०.१३, ०.२५ आणि ०.५ मिमी, थोडे स्टायरीनचे रॉड, पितळेची बारीक नळी, इलेक्ट्रिकच्या वायरमधले तांब्याचे केसासारखे धागे, पिन वाइस (बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल) आणि ०.३ पासून १ मिमीपर्यंतचे ड्रिल बिट, बारीक टोकाचा चिमटा, नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी, ४०० ते २००० नंबरचा पॉलिश पेपर. गोंद दोन प्रकारचे. स्टायरीनला स्टायरीन जोडायला पातळ लिक्विड सिमेंट, ते प्लॅस्टिक विरघळवून जोडतं त्यामुळे एक थेंब पुरतो, जास्त झालं तर पार्टच वितळतो. धातूला सुपरग्लू. डिजिटल कॅलिपर असेल तर फार उत्तम, आणि डोक्याला लावायचं भिंग मात्र घ्याच, त्याशिवाय या साइझला काम करणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार.

किटमधला स्प्रू, म्हणजे पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या सळ्यांना जोडून येतात त्या, फेकू नका, त्याची तार ओढता येते. मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडं वर तुकडा धरून गोल फिरवत राहायचं, मधला भाग चमकायला लागला आणि झुकायला लागला की ज्योतीपासून बाजूला घ्यायचा आणि मग ओढायचा. पटकन ओढला तर केसासारखी बारीक तार, हळू ओढला तर जाड. गार होईपर्यंत ताणूनच धरा नाहीतर वाकडी होते. तांब्याचे धागे वाकडेतिकडे असतील तर सपाट काचेवर ठेवून वरून स्टीलची पट्टी दाबून रोल करा, एकदम सरळ होतात.

रोटर हेडकडे येऊया. मास्ट, म्हणजे रोटरचा उभा दांडा, म्हणून पितळेची नळी घ्या आणि ती गरजेपेक्षा तीन-चार सेंटिमीटर लांबच ठेवा, तेच तुमचं हँडल आहे. खालचं टोक पिन वाइसमध्ये पकडलं की सगळं हेड त्याच्यावर उभं करता येतं, कुठेही बोट लावावं लागत नाही. हँडल शेवटी कापायचं.

स्वॉशप्लेट म्हणजे मास्टभोवतीची ती चकती, तिचा एक भाग स्थिर असतो आणि दुसरा मास्टबरोबर फिरतो, पायलटने स्टिक हलवली की ती कलते आणि तिथून पात्यांचा कोन बदलतो. १/७२ मध्ये दोन चकत्या एकावर एक ठेवल्या तरी पटतं. पंच सेट (शीटमधून गोल चकत्या पाडायचं हत्यार) असेल तर आधी मधलं छोटं भोक पाडा, मग त्याच्याभोवती मोठी चकती पंच करा. उलटं केलंत तर भोक कधीच मधोमध येत नाही. पंच नसेल तर योग्य जाडीच्या स्टायरीन रॉडला टोकाकडून मधोमध भोक पाडून पापुद्र्यासारख्या चकत्या कापत जा, आणि पाच-सहा जास्तीच्या कापा, त्यातल्या दोन नीट निघतात.

पिच लिंक्सवर मात्र वेळ द्या. मी पहिल्यांदा केल्या तेव्हा प्रत्येक लिंक वेगळी कापली, पट्टीवर मोजून, आणि तरी प्रत्येकीची लांबी थोडी थोडी वेगळी आली, आणि सगळं बसवल्यावर हेड एका बाजूला कललेलं दिसायला लागलं. एवढा फरक डोळ्याला सुटा दिसत नाही पण जोडून लावल्या की लगेच दिसतो. आता मी असं करतो: लाकडाच्या तुकड्यावर दोन बारीक टाचण्या बरोबर ५.६ मिमी अंतरावर ठोकतो, टाचण्यांना किंचित मेण चोळतो म्हणजे गोंद चिकटत नाही. मग ०.१ मिमीचा तांब्याचा धागा पहिल्या टाचणीभोवती फिरवायचा, दोन्ही टोकं एकमेकांत पीळ देत दुसऱ्या टाचणीपर्यंत आणायची, तिथे तिच्या दोन बाजूंनी फिरवून परत पिळायची. मधल्या पिळावर पातळ सुपरग्लूचा सुईच्या टोकाएवढा थेंब सोडला की तो आपोआप आत शिरतो आणि पीळ भरून सळीसारखा होतो. दोन्ही टोकांना डोळे तयार, लांबी प्रत्येक वेळी तीच. टाचण्यांवरून वर सरकवून काढा आणि उरलेली शेपटी अगदी शेवटी कापा. जमेपर्यंत चार-पाच वाया जातील, पण त्यानंतर एकेक दोन मिनिटात होते.

हुईचा स्टॅबिलायझर बार पात्यांना काटकोनात असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना वजनं असतात. बारला सरळ तार, वजनांना बारीक नळीचे तुकडे तारेवर सरकवून. इथेही नळी आधी तारेत घालायची, सुपरग्लू लावायचा, टोक घासून गोल करायचं आणि मग जास्तीची तार कापायची. बोल्ट हवे असतील तर ओढलेल्या स्प्रूच्या तारेचं टोक ज्योतीच्या जवळ नुसतं दाखवायचं, ते स्वतःहून मशरूमसारखं गोल होतं. त्याच्या मागून कापलं की बोल्टचं डोकं. हेडवर आधी ०.३ चं भोक पाडून तारेसकट आत घाला आणि आतून चिकटवा, नुसतं वर ठेवून चिकटवलेलं डोकं पेंटिंगच्या वेळी हमखास पडतं.

पात्यांची मागची कड सपाट काचेवर ४०० च्या पेपरने पाण्यात घासून पातळ करायची, फक्त खालच्या बाजूने, म्हणजे वरचं डिटेल शाबूत राहतं. ओलं घासलं की धूळ उडत नाही आणि ती नाकात जात नाही, हा फायदा मोठा आहे. मग पात्याला झोळ द्यायचा. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली वाकतात, किटमधली मात्र पट्टीसारखी सरळ असतात. उकळून थोडं निवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून हळूच वाकवा आणि लगेच गार पाण्यात धरा. वाक मुळापाशी नको, टोकाकडे वाढत गेला पाहिजे, आणि दोन्ही पात्यांना सारखा.

कॉकपिटमध्ये इन्स्ट्रुमेंट पॅनल ही एक गोष्ट करा, बाकी बंद काचेतून फार काही दिसत नाही. मोठं डायल साधारण ७९ मिमी, म्हणजे १.१ मिमीचं भोक, लहान ५७ मिमी, म्हणजे ०.८ मिमीचं. ०.१३ ची शीट दोन टाकाऊ शीट्सच्या मध्ये सँडविच करून भोकं पाडा म्हणजे कडा फाटत नाहीत. आधी मोठ्या शीटवर सगळी भोकं, मग त्याभोवती पॅनलचा आकार कापायचा. एखादं भोक चुकलं तर शेजारी नवीन सुरू करायचं, पॅनल वाया जात नाही. मागून काळी रंगवलेली शीट, तिच्यावर टाचणीने ओरखडून पांढऱ्या खुणा, आणि पुढून प्रत्येक भोकात ग्लॉस वार्निशचा एक थेंब. वाळल्यावर तो आत बसतो आणि काचेसारखा चमकतो, या एका थेंबाचं मला आजही अप्रूप वाटतं.

मागच्या केबिनमध्ये कॅनव्हासच्या सीट्स असतात, नळ्यांच्या फ्रेमवर ताणलेल्या. सीटचा आराखडा खऱ्या मापात कागदावर काढा, वर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि तार त्या रेषेवर वाकवून ठेवत जा, सांध्यांना सुपरग्लू. कापडासाठी टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला पांढरा गोंद, ओला असतानाच मधोमध किंचित दाबला तर बसून बसून खोलगट झालेलं कापड दिसतं. बेल्ट म्हणजे मास्किंग टेपची ०.७ मिमीची पट्टी, कारण खरा बेल्ट साधारण ५० मिमी रुंद.

भिंतीवरचं गादीसारखं साउंडप्रूफिंग पण सोपं आहे आणि दरवाजे उघडे ठेवलेत तर फार छान दिसतं. जाड अॅल्युमिनियम फॉइल मऊ पुठ्ठ्यावर ठेवा, रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून चौकोनांच्या रेषा ओढा, हलक्या हाताने. सरळ बाजूने शिवणीच्या रेषा आत गेलेल्या आणि मधले चौकोन फुगलेले दिसतात. सगळा तुकडा गादी करून घ्या आणि मग भिंतीच्या मापात कापा. आधी मापात कापून रेषा ओढल्या तर फॉइल आक्रसतं आणि भिंतीला कमी पडतं.

पेंट करायच्या आधी सगळ्यावर प्रायमरचा अगदी पातळ हात द्या. तांबं, पितळ, स्टायरीन सगळं एका रंगात आलं की चुका दिसतात, गोंदाचे डाग दिसतात, आणि तेव्हा दुरुस्त करणं सोपं असतं. जाड कोट मात्र नको, एवढ्या मेहनतीने केलेले लिंकचे डोळे एका जाड कोटात बुजतात.

शेवटी हेड मॉडेलवर बसवताना मास्टचं हँडल कापा पण चार-पाच मिलीमीटर ठेवा आणि खाली ती नळी ज्यात सरकेल अशी एक साइझ मोठी नळी फ्यूजलाजमध्ये, म्हणजे मॉडेलच्या धडात, चिकटवा. रोटर न चिकटवता नुसता खोवलेला राहतो, मॉडेल कुठे न्यायचं असेल तर काढून ठेवता येतो. आणि हुई पार्क केलेली दाखवायची असेल तर मागचं पातं टेल बूमला (शेपटीच्या लांब भागाला) बांधलेलं दाखवा, लाल रिबनसकट. या रोटरची दोन्ही पाती सी-सॉसारखी एकत्र झुलतात, म्हणून मागचं पातं खाली ओढलं की पुढचं वर उचललेलं पाहिजे. हेड मास्टवर चिकटवायच्या आधीच हा कल द्या, नंतर वाकवायला गेलात तर पहिल्यांदा पिच लिंक्सच तुटतात.