थेरपीच्या वेळी अंगावर डाग दिसला तर

वृद्धनिवासात डॉक्टरांची फेरी मिनिटांत उरकते आणि परिचारिकेकडे एका वेळी बरेच जण असतात. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा) मात्र एकाच माणसाजवळ अर्धा-पाऊण तास बसतो, बाही वर सारतो, पाय हातात घेतो. म्हणून काही बिनसलं असेल तर ते पुष्कळदा त्याच्याच नजरेला आधी पडतं. मारहाण, हेळसांड असे प्रकार विरळा आहेत असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा संस्थांमधल्या दर 3 पैकी 2 कर्मचाऱ्यांनी वर्षभरात काही ना काही गैरवर्तन केल्याचं स्वतःच सांगितलं आहे.

पहिल्या भेटीतच कातडीची अवस्था, वजन, सांध्यांची हालचाल आणि बोलण्याचा ढंग लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर पुढचा प्रत्येक डाग ‘आधीपासूनच असेल’ म्हणून सोडून दिला जातो.

वयानं कातडी पातळ होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पलंगाच्या कठड्याला नुसता हात लागला तरी जांभळा डाग उमटतो. त्यामुळे डाग दिसला यापेक्षा तो कुठे दिसला हे महत्त्वाचं. आपटून झालेले डाग बहुतेक हातापायांवर असतात. चेहरा, कान, मान, पाठ, मांडीची आतली बाजू इथे दिसले तर थांबा. दंडावर बोटांच्या ठशांसारखे गोल डाग म्हणजे कोणीतरी घट्ट धरलं असण्याची शक्यता. ते पडताना सावरायला की रागानं, हे डाग सांगत नाही. मनगटाभोवती पट्ट्यासारखा वळ उमटला असेल तर बांधून ठेवलं होतं का, हे बघायलाच हवं. रंगावरून दिवस मोजू नका. ‘पिवळा म्हणजे जुना’ हा हिशेब भरवशाचा नाही.

हेळसांड डागांइतकी ठळक दिसत नाही. टाच आणि माकडहाड बघा. लाल जागेवर बोट दाबून उचला. लाली तशीच राहिली तर दाबव्रणाची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. महिन्यात 5 टक्के वजन घटणं, म्हणजे 60 किलोंचे 57 होणं, ही धोक्याची खूण. रोज व्यायामाच्या वेळी पेंगणाऱ्या माणसाच्या औषधांचा तक्ता मागून बघा, गुंगीची गोळी वाढली असेल. चष्मा किंवा श्रवणयंत्र आठवडाभर ‘सापडत नाही’, हीसुद्धा हेळसांडच. इथे थेरपिस्ट हमखास फसतो: ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळा होतो. सहकार्य का नाही, ते शोधा.

विचारायचं ते एकांतात, मोकळा प्रश्न करून. ‘आजी, इथे काय झालं?’ एवढंच. ‘कोणी मारलं का?’ असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच तोंडात घातल्यासारखं होतं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. पक्षाघातानं वाचा गेली असेल तर चित्रांचा तक्ता वापरा आणि आधी उत्तर माहीत असलेले दोन-तीन प्रश्न विचारून त्यांचं हो-नाही विश्वासार्ह आहे का ते पाहा. स्मृतिभ्रंश आहे म्हणून तक्रार खोटी धरू नका.

नोंदीत ‘मारहाण झाली’ असा निकाल नको. ती अशी हवी: ‘सकाळी 10.20. उजव्या दंडाची आतली बाजू, कोपरापासून 6 सेंमी वर, तीन गोल जांभळे डाग, प्रत्येकी सुमारे 2 सेंमी. आजी म्हणाल्या, “रात्रीच्या बाईंनी ओढलं.” मागच्या मंगळवारी डाग नव्हते.’ बोललेले शब्द जसेच्या तसे. स्वतःच्या मोबाइलवर फोटो नको. संस्थेच्या पद्धतीनं, संमती घेऊनच काढा.

कळवायचं त्याच दिवशी. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, शंका पुरेशी असते. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारू नका, तो सावध होतो आणि त्रास म्हाताऱ्या माणसाला होतो. अनेक देशांत बाहेरच्या यंत्रणेला कळवणं थेरपिस्टवर कायद्यानं बंधनकारक आहे आणि नुसतं वरिष्ठांच्या कानावर घातल्यानं ती जबाबदारी नेहमीच संपत नाही. आपल्या ठिकाणचा नियम नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच वाचून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तपासणीआधी अंघोळ घालू देऊ नका, कपडे बदलू देऊ नका. जिवाला धोका वाटला तर मदत येईपर्यंत खोली सोडू नका.

आणि स्वतःचे हातही तपासा. काखेत हात घालून ओढून उठवल्यानं अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा निखळू शकतो. उठवताना धरायला कमरेला बांधायचा पट्टा आहे. ‘आज नको’ म्हटल्यावर जबरदस्तीनं चालवणं आणि थेरपीची न दिलेली मिनिटं कागदावर भरणं, हेही गैरवर्तनाच्याच यादीत येतं.

तक्रारीनंतर थेरपीची वेळ बदलू नका, सत्र चुकवू नका. सूड उगवला गेला तर तो पुढच्या काही दिवसांतच वागण्यात, वजनात, कातडीवर दिसतो, आणि तुलनेला पहिल्या दिवशीची नोंद हाताशी असते.