माडाखालची खेळणी: मुलांसाठी घरच्या घरी करावयाच्या भेटवस्तू

कोकणातल्या घरी मुलांसाठी काही भेटवस्तू करावयाची असेल, तर बाजाराची वाट धरण्यापूर्वी माडाखाली आणि पोफळीखाली काय पडले आहे ते पाहावे. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी येतात, तेव्हा भिरभिरे, पिपाणी, करवंटीच्या खडावा आणि तराजू एवढ्या वस्तू दोन-तीन दुपारींत सहज तयार होतात आणि त्यांना विकतचे जवळजवळ काही लागत नाही. मात्र साहित्य फुकट मिळते म्हणून ते कसेही उचलून चालत नाही. या खेळण्यांचे यश कारागिरीपेक्षा पात किती हिरवी आहे, करवंटी किती जून आहे आणि विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीचा रुंद देठ, किती वाळली आहे यावरच अधिक अवलंबून असते.

पातीच्या खेळण्यांसाठी खाली पडलेली वाळकी झावळी निरुपयोगी असते, कारण तिची पात दुमडताच तडकते. नारळ पाडण्यासाठी गडी माडावर चढेल तेव्हा त्याच्याकडून सर्वांत खालची, पिवळी पडू लागलेली पण अजून हिरवट असलेली एक झावळी काढून घ्यावी. माडाला वर्षाकाठी साधारण बारा नव्या झावळ्या येतात आणि खालच्या तितक्याच गळतात, त्यामुळे एक झावळी काढल्याने झाडाचे काही बिघडत नाही. कोवळी, पिवळसर पात वळायला अधिक सोपी असते हे खरे, पण तिच्यासाठी शेंड्याच्या मधोमध असलेल्या उभ्या सुईला, म्हणजे न उलगडलेल्या नव्या झावळीला, हात लावू नये. माडाला वाढीचा कोंब एकच असतो आणि तेथे इजा झाली तर सगळे झाड जाऊ शकते.

झावळीच्या मधल्या भागातील रुंद पाती निवडाव्यात. प्रत्येक पातीच्या मध्यातील हीर सुरीने सोलून बाजूला काढावा, म्हणजे एका पातीच्या दोन लांब पट्ट्या मिळतात. सोललेले हीर टाकून देऊ नयेत; पुढे खिळ्यांच्या, टाचण्यांच्या आणि दांड्यांच्या जागी तेच वापरावयाचे आहेत. पातीची कड हाताला कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि मुलांच्या हाती तयार पट्ट्या द्याव्यात.

भिरभिऱ्यासाठी दीड ते दोन सेंटिमीटर रुंदीच्या आणि सुमारे तीस सेंटिमीटर लांबीच्या सारख्या चार पट्ट्या कापून प्रत्येक मधोमध दुमडावी. पहिली पट्टी उभी धरावी. दुसरी आडवी घेऊन तिच्या दुमडीत पहिली पट्टी येईल अशी बसवावी, तिसरीच्या दुमडीत दुसरी, चौथीच्या दुमडीत तिसरी, आणि शेवटी चौथीची दोन्ही टोके पहिल्या पट्टीच्या दुमडीतून ओवून घ्यावीत. चारही बाजूंची टोके थोडी थोडी आलटून-पालटून ओढली की मध्ये घट्ट चौकोनी वीण बसते. एकच बाजू जोराने ओढल्यास वीण तिरकी होते आणि भिरभिरे डगमगते. आता प्रत्येक हातातील दोन थरांपैकी एक थर मुळाशी कापून टाकावा आणि उरलेला थर किंचित पिळावा. चारही हात एकाच दिशेने पिळणे हीच यातली खरी मेख आहे, कारण एक जरी उलटा गेला तरी भिरभिरे नीट फिरत नाही. मधल्या विणीत जाड हीर घालून भोक सैल करावे, हिराच्या पुढच्या टोकाला आणि भिरभिऱ्याच्या मागच्या बाजूला दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन गाठ मारावी, म्हणजे ते फिरते पण निसटत नाही. टाचणी वापरण्याचा मोह टाळावा. लहान मूल भिरभिरे घेऊन पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, धावते आणि पडतेही.

पिपाणी याहून सोपी आहे, पण तिचा आवाज काढणे मात्र सोपे नाही. एक लांब पट्टी घेऊन तिचे टोक पेन्सिलीएवढ्या जाडीचे गुंडाळावे आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढेल अशा रीतीने तिरके गुंडाळत न्यावे. हळूहळू रुंद होत जाणारे नरसाळे तयार झाले की शेवटच्या टोकात हिराचा तुकडा आरपार खोवून ते पक्के करावे. अरुंद तोंडात कोवळ्या पातीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दुमडून बसवावा आणि तोंड दोन बोटांनी चपटे दाबावे. फुंकल्यावर नुसता वारा गेला तर आतली जीभ फार जाड आहे किंवा तिच्या दोन थरांत फट फार आहे असे समजून ती बदलावी. पात सुकली की आवाज बसतो, म्हणून पिपाणी ज्या दिवशी द्यावयाची त्याच दिवशी करावी. घरात दुपारी झोपणारी वडीलधारी मंडळी असतील, तर ती संध्याकाळी दिलेली बरी.

चार वर्षांपुढच्या मुलांना करवंटीच्या वस्तू अधिक काळ रमवतात, आणि भेट म्हणून द्यावयास मला त्याच पसंत आहेत. नारळ जून असावा. शहाळ्याची करवंटी वजनाने फुटते. फोडताना तो बरोबर मधोमध फुटेल असे पाहावे, खोबरे खवून घ्यावे आणि करवंट्या दोन-तीन दिवस उन्हात ठेवाव्यात, म्हणजे उरलेले खोबरे सुटून येते. बाहेरची शेंडी कोयत्याने खरवडून कडा आणि पाठ पॉलिश पेपरने घासावी, आधी जाड कागदाने आणि मग बारीक. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु येथे घाई केली तर कडेची कुसे मुलांच्या हातात जातात. शेवटी खोबरेल तेलाचे बोट फिरवले की करवंटी काळीभोर चमकते आणि तिला निराळे पॉलिश लागत नाही.

खडावांसाठी दोन नारळांच्या डोळ्यांकडच्या दोन सारख्या करवंट्या घ्याव्यात. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो; तो हिराने किंवा खिळ्याने मोकळा केला की दोरी ओवायला तयार भोक मिळते. काथ्याची सुंभ पायाला टोचते, म्हणून सुती दोरी घ्यावी, तिच्या टोकाला आतून काडीचा आडवा तुकडा बांधावा आणि ती भोकातून वर काढावी. करवंटी जमिनीवर पालथी ठेवून मुलाने तिच्या पाठीवर पाय ठेवावा, दोरी अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधून वर घ्यावी आणि हाताने ताणून धरून टाकटुक चालावे. दोरी मुलाच्या कमरेपर्यंत पोहोचेल एवढी असावी. सारवलेल्या किंवा मातीच्या अंगणात हा खेळ उत्तम होतो, पण फरशीवर करवंटी घसरते, तेथे तो खेळू देऊ नये.

तराजूसाठी राहिलेल्या दोन बिनडोळ्यांच्या करवंट्या उपयोगी पडतात. काठाजवळ समान अंतरावर गिरमिटाने तीन-तीन भोके पाडून दोऱ्या बांधाव्यात आणि सुमारे चाळीस सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या कांबीच्या दोन टोकांना पारडी लटकवावीत. मधली दोरी बांधण्यापूर्वी कांब बोटावर तोलून पाहावी, कारण दोन करवंट्या क्वचितच सारख्या वजनाच्या निघतात. जड पारड्याची पाठ थोडी अधिक घासली की फरक जातो. सोबत चिंचोक्यांची पुरचुंडी द्यावी.

पोफळीच्या विरीवर फारसे काही करावे लागत नाही. रुंद, वाळलेली विरी घेतली की एकाने बसावे आणि दुसऱ्याने पुढचे टोक धरून ओढावे, एवढीच त्या गाडीची रचना असते. मुखवटा करावयाचा असल्यास विरी तासभर पाण्यात भिजवून कात्रीने कापावी, डोळ्यांची भोके पाडावीत आणि दोन पाटांमध्ये दाबून वाळवावी. रंगासाठी गेरू, कोळशाची पूड आणि हळद पुरे होतात. हळदीत चुना मिसळला की लाल रंग मिळतो, पण चुना हाताला आणि डोळ्यांना भाजतो, त्यामुळे तो रंग मोठ्यांनीच कालवावा. कागद चिकटवायचा असेल तर एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात शिजवून खळ करावी. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या वस्तूंत तो घालू नये.

सजावटीच्या बाबतीत थोडी कडक शिस्त पाळावी लागते. गुंजेच्या लाल-काळ्या बिया कितीही देखण्या असल्या तरी त्यांत तीव्र विष असते आणि माळेसाठी भोक पाडले की धोका वाढतो. कच्च्या काजूबीच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते, कण्हेरीची काडी तोंडात जाता कामा नये, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके किंवा बारीक शिंपल्याही देऊ नयेत, कारण त्या घशात अडकू शकतात. पुळणीवरून शिंपल्या आणताना रिकाम्याच वेचाव्यात. प्रवाळ आणि काही जातींचे शंख 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, तेव्हा अनोळखी मोठा शंख जेथल्या तेथे ठेवावा.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक भेट सुचवावीशी वाटते. सावंतवाडीत लाकडी खेळण्यांप्रमाणेच गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळही रंगवला जातो; त्याचे पत्ते गोल असतात आणि दशावतारी गंजिफात एकेका अवताराचा एक अशा दहा रंगांचे, म्हणजे गटांचे, प्रत्येकी बारा असे 120 पत्ते येतात. तेवढे करणे घरी झेपणार नाही, पण चार रंगांचे 48 पत्ते होतात. जुन्या लग्नपत्रिका लहान वाटीच्या मापाने कापाव्यात, दोन-दोन चकत्या खळीने पाठीला पाठ लावून चिकटवाव्यात आणि पाटाखाली रात्रभर दाबून ठेवाव्यात. अवतारांच्या जागी मुलाच्या ओळखीची चिन्हे घ्यावीत, जसे की आंबा, मासा, होडी आणि माड. प्रत्येक रंगात एक ते दहा चिन्हांचे पत्ते, एक प्रधान आणि एक राजा असावा. चित्रे मुलाकडूनच काढून घेतली तर राजाला मिशा किती मोठ्या असाव्यात यावर बराच वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

या सर्व वस्तूंचा शत्रू पाऊस. पातीची खेळणी आठ दिवसांची सोबती असल्याने त्यांची चिंता नको, परंतु मुखवटे आणि पत्ते जूनपूर्वी एक दिवस कडक उन्हात घालून, झाकणाच्या डब्यात कोरड्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावेत. करवंटीवर बुरशी आली तर ती पुसून, पुन्हा ऊन देऊन तेलाचा हात फिरवावा.